केबल काढून फ्री डिश बसवताना: क्रम, मापं आणि हमखास होणाऱ्या चुका

छत्री नवी, बॉक्स नवा, वायर नवी, आणि दोन तास गच्चीवर फिरवून खालून एकच उत्तर: "अजून काहीच नाही." त्यात केबलवाल्याची वायर उत्साहाच्या भरात सकाळीच कापलेली. डीडी फ्री डिश घरच्या घरी बसवणाऱ्यांची गाडी इथेच अडकते. अशा वेळी सामान क्वचितच खराब असतं. पाइप ओळंब्यात नसतो, छत्री घाईघाईने फिरवलेली असते, नाहीतर बॉक्सला एलएनबीचा, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डोळ्याचा, प्रकार चुकीचा सांगितलेला असतो. खालचा क्रम याच तीन चुका टाळण्यासाठी आहे. टप्पे मागेपुढे करू नका, आणि चालू केबलला शेवटच्या टप्प्यापर्यंत हात लावू नका.

## आधी हे तपासा

गच्चीवरचा जुना माशाच्या काट्यासारखा अँटेना उपयोगाचा नाही. त्याला लागणारी दूरदर्शनची जमिनीवरची बहुतेक जुनी प्रक्षेपणं २०२२पर्यंत बंद झाली. आता फुकट टीव्ही म्हणजे प्रसार भारतीची फ्री डिश. ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते आणि तिला गोल छत्री लागते.

घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा: स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी हे पैसे भरून बघायचे चॅनल आहेत, ते इथे मिळणार नाहीत. डीडी सह्याद्री कायम असतं. बाकीचे खासगी चॅनल लिलावात जागा घेऊन येतात आणि जातात, त्यामुळे यादी बदलत राहते. संध्याकाळच्या मालिकांवरून घरात भांडण होणार असेल तर ते छत्री विकत घेण्याआधी झालेलं बरं.

फ्री डिशला रिचार्ज नसतो आणि चालू करायची फीही नसते. फोन करून "अ‍ॅक्टिव्हेशन"चे पैसे मागणारा माणूस फसवतोय.

## टप्पा १: आकाश मोकळं आहे का

छत्री लावायची असेल त्या जागी उभे राहा आणि आग्नेयेकडे बघा. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे महाराष्ट्रातून तो दक्षिण आणि पूर्व यांच्या मधोमध, बराच वर दिसतो. गावागणिक दिशा आणि उंची थोडी बदलते. पहिला आकडा होकायंत्रावरची दिशा, दुसरा क्षितिजापासूनची उंची:

- मुंबई: १३१ अंश, उंची ५७.५
- नाशिक: १३४ अंश, उंची ५७.५
- पुणे: १३२ अंश, उंची ५९
- छत्रपती संभाजीनगर: १३६ अंश, उंची ५९
- रत्नागिरी: १२८.५ अंश, उंची ५९.५
- कोल्हापूर: १२९.५ अंश, उंची ६०.५
- पणजी: १२७ अंश, उंची ६१
- नागपूर: १४४.५ अंश, उंची ६०

तुमचं गाव यात नसेल तर जवळच्या गावाचा आकडा घ्या. एखाद-दोन अंशांचा फरक पुढे बारीक जुळवणीत भरून निघतो.

उंची साठीच्या आसपास असल्याने समोरच्या इमारतीची भीती वाटते तेवढी नसते. त्या दिशेला छत्रीपेक्षा १० मीटर उंच काही असेल तर ते किमान ७ मीटर लांब हवं, एवढा हिशोब पुरे. खरा अडथळा झाडांचा. उन्हाळ्यात आंब्याच्या विरळ फांदीतून चित्र येतं, आणि जुलैत तीच फांदी ओल्या पानांनी जड होऊन आडवी आली की जातं. माडाची झावळी वाऱ्याने छत्रीसमोर येत-जात असेल तर चित्रही तसंच येत-जात राहील. पुढच्या दोन वर्षांत झाड कुठवर वाढेल ते धरूनच जागा ठरवा.

तपासणी: मोबाइलचं होकायंत्र लोखंडी पाइप, टाकी, ग्रिल यांच्याजवळ सरळ खोटं बोलतं. त्यांच्यापासून दोन-तीन मीटर लांब उभं राहून दिशा घ्या आणि त्या दिशेची एखादी खूण, एखादा टॉवर किंवा पाण्याच्या टाकीचा कोपरा, लक्षात ठेवा. पुढे छत्री फोनकडे बघून नव्हे, त्या खुणेकडे बघून वळवायची.

## टप्पा २: सामान

छत्री ६० सेंटीमीटरची देशावर पुरते. कोकण, गोवा, घाटमाथा इथे ७५ किंवा ९०ची घ्या. मोठ्या छत्रीने चॅनल वाढत नाहीत, पण मुसळधार पावसात चित्र टिकतं.

बॉक्स एमपेग-४ आणि डीव्हीबी-एस२ चालणारा हवा. जुना एमपेग-२ बॉक्स स्वस्तात मिळतो आणि काही चॅनल कधीच दाखवत नाही. नव्या टीव्हींपैकी काहींत सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो. मागे "सॅटेलाइट" लिहिलेलं, आटे असलेलं भोक दिसलं आणि मेनूत सॅटेलाइटचा पर्याय असला तर वेगळा बॉक्स लागत नाही. शेजारचं साधं अँटेनाचं भोक वेगळं, त्यात वायर खुपसून काही होत नाही.

एलएनबी म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरचा डोळा. त्यावर ९७५० आणि १०६०० हे दोन्ही आकडे लिहिलेले हवेत. जुन्या डीटीएचचा डोळा वापरणार असाल तर हे आधी वाचा. फ्री डिशची एक वारंवारता ११०९० मेगाहर्ट्झ आहे. डोळा त्यातून ९७५० वजा करतो आणि उरलेले १३४० मेगाहर्ट्झ वायरीतून खाली पाठवतो. डोळा फक्त १०६००चा असेल तर उरतात ४९०, आणि बॉक्सला ९५०च्या खालचं काही कळत नाही.

केबल टीव्हीचे जुने स्प्लिटर याच गणितामुळे बाद होतात. त्यांच्यावर "५–१००० मेगाहर्ट्झ" छापलेलं असतं, आणि इथे काम १०००च्या वर चालतं. भिंतीतली केबलची जुनी वायर वापरायचा मोह होतो, पण मध्ये कुठे कोणता जोड दडलाय ते कुणालाच ठाऊक नसतं. नवी आरजी-६ वायर आणा, तीस मीटरच्या आत, एकसंध.

बाकी सामान: चार १० मिमी अँकर फास्टनर, दोन-चार जास्तीचे एफ-कनेक्टर (वायरीच्या टोकाला लावायचे आट्यांचे जोड), पाण्याला दाद न देणारा रबरी टेप, यूव्ही केबल टाय, पाने, आणि गवंड्याचा ओळंबा. ओळंबा नसेल तर दोऱ्याला मोठा नट बांधा.

जुनी डीटीएच छत्री पडून असेल तर तीही चालते. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे अगदी शेजारी आहे. त्यामुळे ती छत्री जागेवरून थोडीशीच सरकवावी लागते.

## टप्पा ३: खाली, टीव्हीसमोर, आधी बॉक्स तयार करा

हा टप्पा सगळे गाळतात आणि मग गच्चीवरून खाली ओरडत बसतात. वर चढण्याआधी बॉक्सच्या इन्स्टॉलेशन मेनूत हे भरा:

१. उपग्रह: जीसॅट-१५ किंवा ९३.५ पूर्व. यादीत नसेल तर कोणताही एक निवडून नाव बदला, नावाने काही अडत नाही.
२. एलएनबी प्रकार: युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. काही बॉक्सांवर कारखान्यातून ५१५० भरून येतो. तो मोठ्या सी-बँड छत्रीचा आकडा. तो तसाच राहिला तर जन्मात सिग्नल लागणार नाही.
३. एलएनबी पॉवर: चालू. डायसेक: बंद. २२ किलोहर्ट्झ: ऑटो किंवा बंद.
४. ट्रान्सपाँडर (उपग्रहाची एक वाहिनी, तिच्यावरून चॅनलचा एक गठ्ठा येतो): ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. सोबत १११७० आणि ११५५० हेही, व्हर्टिकल आणि २९५०० असेच, भरून ठेवा.

आता सिग्नलच्या दोन पट्ट्यांचं पान उघडा. पहिली स्ट्रेंथ, दुसरी क्वालिटी. स्ट्रेंथकडे बघू नका. डोळ्याला वीज मिळाली की छत्री कुठेही वळलेली असो, स्ट्रेंथ साठ-सत्तर दाखवते. कामाची फक्त क्वालिटी, आणि जागा सापडेपर्यंत ती शून्यच असते.

शक्य असेल तर बॉक्स आणि एखादा छोटा टीव्ही किंवा मॉनिटर गच्चीवरच न्या. फोनवरून आकडे ऐकत केलेलं काम तिप्पट वेळ खातं.

## टप्पा ४: पाइप, आणि फक्त पाइप

छत्री अजून लावायची नाही. आधी नुसता पाइप उभा करा आणि ओळंबा दोन बाजूंनी लावून बघा, एकदा समोरून, एकदा नव्वद अंशात वळून. दोऱ्याचं अंतर पाइपच्या वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला सारखं आलं पाहिजे. पाइप तिरका असेल तर छत्री उजवी-डावीकडे फिरवताना तिची उंचीही गुपचूप बदलते. मग नेमकी दिशा येते तेव्हा उंची चुकलेली असते, आणि उंची दुरुस्त केली की दिशा. दोन तास वाया जातात ते यातच.

फास्टनर सिमेंटच्या भरीव कठड्यात किंवा स्लॅबच्या कडेच्या बीममध्ये मारा. पोकळ ब्लॉकची भिंत वादळात फास्टनरसकट छत्री सोडून देते. गच्चीच्या कोब्यात ड्रिल मारू नका, पहिल्याच पावसात खालच्या मजल्यावर गळती लागेल आणि सोसायटीची नोटीस येईल. तिथे पाइप लोखंडी चौकटीवर उभा करून चौकटीवर विटा किंवा सिमेंटचे ठोकळे ठेवा.

इशारा: पाइप किंवा छत्री उचलताना विजेच्या तारा किती लांब आहेत ते आधी बघा. एकट्याने आणि वारा असताना हे काम नको.

## टप्पा ५: उंची आधी, दिशा नंतर

छत्री पाइपवर चढवा, एलएनबीचा दांडा खाली. मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतील तर गावाची उंची तिथेच लावा.

खुणा नसतील तर डोळ्याने अंदाज करू नका, कारण ही छत्री जिकडे बघतेय असं वाटतं तिकडे बघत नाही. डोळा खाली असल्याने तिची खरी नजर तोंडापेक्षा साधारण २२ ते २६ अंश वर असते. पुण्याच्या ५९मधून मधला २४ वजा केला की ३५ उरतात, म्हणजे छत्रीचं तोंड उभ्या रेषेपासून सुमारे ३५ अंश मागे कललेलं हवं. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एक सरळ काठी टेकवा आणि काठीवर मोबाइलचं कोन मोजायचं अ‍ॅप धरा. नवखा माणूस छत्री जवळजवळ आकाशाकडे उताणी करून ठेवतो. तसं दिसत असेल तर उंची नक्की चुकलेली आहे.

उंचीचे नट हलत नाही एवढेच आवळा. दिशेचे नट मात्र छत्री जोर लावून फिरेल इतपत सैल ठेवा.

बॉक्सचा प्लग काढून वायर जोडा. चालू बॉक्सला वायर जोडताना तांब्याची तार बाहेरच्या जाळीला लागली तर शॉर्ट होतं आणि बॉक्सचा पुरवठा जातो. कनेक्टरमध्ये मधली तार काठाच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेर हवी. जाळीचा एकही केस तिला शिवता कामा नये.

## टप्पा ६: शोध

छत्री खुणेच्या जागेपासून पंधरा अंश डावीकडे न्या आणि हळूहळू उजवीकडे आणा. हळू म्हणजे किती? एलएनबीचं टोक पाइपपासून अर्धा मीटर लांब धरलं तर ते जेमतेम नऊ मिलिमीटर सरकलं की एक अंश झाला. ६० सेंटीमीटरच्या छत्रीची नजर मोजून तीनएक अंश रुंद असते. म्हणून प्रत्येक वेळी बोटाच्या रुंदीपेक्षा कमी सरकवा, हात काढा आणि मनात तीन मोजा. बॉक्सला सिग्नल पकडायला दोन-तीन सेकंद लागतात. सलग फिरवलेली छत्री उपग्रहावरून निघून जाते आणि बॉक्सला पत्ताही लागत नाही. हात न काढता बघितलं तर तुमचं अंगच समोर आडवं येतं.

पूर्ण फेरीत काही आलं नाही तर उंची दोन अंश वाढवून पुन्हा फेरी. मग मूळ उंचीच्या दोन अंश खाली आणि आणखी एक फेरी. दिशा आणि उंची एकदम बदलू नका, कुठे शोधून झालं याचा हिशोब राहत नाही.

पी-पी वाजणारं स्वस्त सिग्नल मीटर जपून वापरा. आकाशात काहीतरी आहे एवढंच ते सांगतं, काय आहे ते नाही. ९५ अंशांवरच्या शेजाऱ्यावरही ते तितक्याच आनंदाने वाजतं.

तपासणी: क्वालिटी दिसली की लगेच तो एक ट्रान्सपाँडर स्कॅन करा. यादीत दूरदर्शनचे चॅनल आले तर उपग्रह बरोबर. पट्टी भरलीय आणि यादी रिकामी किंवा भलतीच आली तर तुम्ही शेजाऱ्याच्या दारात आहात. तिथून थोडं दक्षिणेकडे, म्हणजे उपग्रहाकडे तोंड करून उजवीकडे सरका.

## टप्पा ७: बारीक जुळवणी

चित्र आलं की सगळे नट आवळून खाली उतरतात. हीच छत्री पहिल्या पावसात बंद पडते.

छत्री डावीकडे न्या, क्वालिटी पडू लागते तिथे खूण करा. मग उजवीकडे, तशीच खूण. दोन खुणांच्या मधोमध थांबा. उंचीलाही हेच करा. सर्वांत मोठा आकडा दिसला तिथे थांबण्यापेक्षा मध्य काढणं जास्त खात्रीचं, कारण माथ्यावर आकडा बराच वेळ सारखाच राहतो.

आता डोळा त्याच्या पकडीत फिरवा. फ्री डिश व्हर्टिकल आहे म्हणून डोळा सरळ ठेवायचा, हा समज चुकीचा. उपग्रह बाजूला असल्याने त्याची उभी लाट आपल्याकडे तिरकी पोचते. घड्याळाच्या एका तासाएवढा एका बाजूला फिरवा, बघा. मग दुसऱ्या बाजूला. जिकडे क्वालिटी चढते तिकडे थोडं-थोडं पुढे जा. इथे दहा-पंधरा आकडे सहज वाढतात. मग डोळा पकडीत पाच मिलिमीटर पुढे-मागे सरकवून बघा.

नट आवळताना नजर क्वालिटीवर ठेवा. एकच नट पूर्ण आवळला की छत्री मान टाकते, म्हणून दोन्ही बाजूंचे आळीपाळीने, पाव-पाव फेरा. शेवटी तिन्ही ट्रान्सपाँडर बघा. एकावर भरपूर आणि दुसऱ्यावर काठावर असेल तर जुळवणी अजून बाकी आहे.

## टप्पा ८: वायर आणि पाणी

डोळ्याजवळच्या कनेक्टरवर रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलांसारखे एकमेकांवर बसतात. साधा काळा टेप एका उन्हाळ्यात सुटतो. खिडकीतून आत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या. पाणी झोळाच्या तळातून गळून पडतं, भिंतीत शिरत नाही. छत्रीच्या पाइपला अर्थिंग द्या, आणि गडगडाट सुरू झाला की बॉक्सचा प्लग आणि वायर दोन्ही काढा. किनाऱ्यालगत नटांना ग्रीस लावा, नाहीतर दोन वर्षांनी करवतीने कापावे लागतील.

दुसरा टीव्ही जोडायचा असेल तर फ्री डिशची एक सोय आहे: सगळे ट्रान्सपाँडर व्हर्टिकल आणि वारंवारतेच्या खालच्या, ९७५०च्या पट्ट्यात असल्याने एकाच डोळ्यावर साधा सॅटेलाइट स्प्लिटर चालतो. त्यावर ९५०–२१५० मेगाहर्ट्झ लिहिलेलं हवं आणि निदान एका तोंडातून वीज पुढे जायला हवी. ज्या तोंडातून वीज जाते त्यावरचा बॉक्स बंद केला की दुसराही बंद पडेल. हे नको असेल तर दोन तोंडांचा एलएनबी घ्या.

## टप्पा ९: स्कॅन, आणि मग केबल

पूर्ण स्कॅन करताना नेटवर्क सर्च चालू ठेवा, न भरलेले ट्रान्सपाँडर बॉक्स स्वतः शोधतो. चॅनलच्या जागा साधारणपणे १ एप्रिलपासून बदलतात. त्या सुमारास चॅनल "गेले" असं वाटलं तर गच्चीवर जाऊ नका, पुन्हा स्कॅन करा.

आठवडाभर दोन्ही चालू राहू द्या. मग केबलवाल्याला लेखी कळवा, त्याचा बॉक्स आणि रिमोट परत करून पावती घ्या, अनामत दिली असेल तर मागा. इंटरनेट त्याच्याकडूनच असेल तर कोणती वायर कशाची ते विचारल्याशिवाय कात्री लावू नका.

## नंतर बिघडलं तर

- पाऊस जोरात असताना चित्र जातं, थांबला की येतं: काही मिनिटं जाणं स्वाभाविक. रिमझिमीतही जात असेल तर टप्पा ७ पुन्हा.
- पाऊस थांबून तासभर झाला तरी येत नाही: कनेक्टरमध्ये पाणी. उघडा, तांब्याची तार हिरवी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा.
- दुपारी नीट, वाऱ्यात तुकडे पडतात: पाइप हलतोय किंवा फांदी आडवी येतेय.
- स्ट्रेंथही शून्य: छत्रीला हात लावू नका. एलएनबी पॉवर बंद, वायर तुटलेली किंवा शॉर्ट.
- मार्चच्या मध्यास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र जातं: सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. पाना खाली ठेवा, आपोआप येईल.